पक्षाघातानंतरचे दैनंदिन जीवन : रुग्णालयीन व्यवसायोपचारापुढील आव्हानांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

वैद्यकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा रोग, साथी, औषधे आणि शस्त्रक्रिया यांभोवती फिरत आले आहे. रोग ओसरल्यानंतर माणूस आपल्या नित्य जीवनात पुन्हा कसा परततो, हा प्रश्न या लेखनात क्वचितच केंद्रस्थानी येतो. पक्षाघात, ज्याला बोलीभाषेत अर्धांगवायू किंवा लकवा म्हटले जाते, हा या दृष्टीने विशेष अभ्यासनीय विषय आहे. मुंबईतील दीड लाखांहून अधिक लोकवस्तीच्या पाहणीवर आधारलेला जो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात पक्षाघाताचे वार्षिक प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे सुमारे १४५ इतके आढळले. त्या रुग्णांपैकी जवळजवळ ३० टक्के रुग्ण पहिल्या २८ दिवसांत दगावले होते. याचा दुसरा अर्थ असा की, दर दहा रुग्णांपैकी सात जण पहिला महिना ओलांडून पुढे जगतात. या सात जणांनी आंघोळ कशी करावी, घास तोंडापर्यंत कसा न्यावा, सदऱ्याची गुंडी कशी लावावी, पुन्हा कामावर जावे की नाही, या प्रश्नांची जबाबदारी वैद्यकात ज्या शाखेवर येते ती म्हणजे व्यवसायोपचार अर्थात ऑक्युपेशनल थेरपी.

रुग्णालयात पक्षाघाताच्या रुग्णांवर उपचार करताना व्यवसायोपचारतज्ज्ञांना अनेक अडचणी येतात. वेळ अपुरा पडतो, मोजमापाची साधने परकी वाटतात, कुटुंबीयांचे सहकार्य कधी कमी तर कधी गरजेपेक्षा अधिक असते आणि सहकारी डॉक्टरांनाही या शाखेचे स्वरूप पुरेसे माहीत नसते. या अडचणींकडे सामान्यतः व्यवस्थापनाचे किंवा मनुष्यबळाचे प्रश्न म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. व्यवसायोपचार ही शाखा ज्या रुग्णांसाठी आणि ज्या संस्थांमध्ये घडली, ते रुग्ण व त्या संस्था पक्षाघाताच्या रुग्णापेक्षा आणि आजच्या रुग्णालयापेक्षा वेगळ्या होत्या. आजच्या बहुतेक आव्हानांचे मूळ या विसंगतीत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संज्ञेविषयी थोडेसे :

मराठीत ‘ऑक्युपेशन’ या शब्दासाठी ‘व्यवसाय’ हा प्रतिशब्द रूढ झाला. इंग्रजी शब्दात मनुष्य ज्या ज्या कृतींत आपला दिवस घालवतो त्या सर्व कृतींचा समावेश होतो. त्यात दात घासणे येते, स्वयंपाक येतो, पूजाअर्चा येते आणि नोकरीही येते. मराठीत मात्र ‘व्यवसाय’ म्हटले की पोटापाण्याचा उद्योग डोळ्यांसमोर उभा राहतो. परिणामी व्यवसायोपचार म्हणजे अपंगांना धंदेशिक्षण देणारी किंवा नोकरी मिळवून देणारी सोय, असा समज आजही सुशिक्षितांमध्ये आढळतो. सत्तरीतल्या निवृत्त गृहस्थाच्या खाटेजवळ व्यवसायोपचारतज्ज्ञ येऊन उभा राहिला, तर ‘आता यांना कोणता व्यवसाय करायचा आहे?’ असा प्रश्न नातेवाइकांना पडणे स्वाभाविक ठरते. नावापासूनच सुरू होणारी ही अडचण लहान वाटली, तरी तिचे परिणाम लहान नाहीत. उपचार कशासाठी आहे हेच न कळल्यास त्यासाठी वेळ आणि पैसा खर्च करण्यास कुटुंब तयार होत नाही.

पक्षाघात : निदानाची दीर्घ परंपरा

पक्षाघाताचे वर्णन भारतीय वैद्यकात प्राचीन काळापासून आहे. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात शरीराचा एक पक्ष निकामी होण्याची अवस्था वर्णिलेली असून स्नेहन, स्वेदन, विरेचन असे उपचार सांगितले आहेत. पाश्चात्त्य परंपरेत हिप्पोक्रॅटिसच्या नावावरील ग्रंथांत अकस्मात कोसळणाऱ्या रुग्णाचे वर्णन ‘अ‍ॅपोप्लेक्सी’ या नावाने येते. १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनाच्या आधारे या विकारात मेंदूत रक्तस्राव होत असल्याचे दाखवून दिले. पॉल ब्रोका याने १८६१ साली मेंदूच्या डाव्या भागातील इजेचा वाचा जाण्याशी संबंध जोडला. १९१४ साली जोसेफ बाबिन्स्की याने आणखी एक विलक्षण अवस्था नोंदवली. एक बाजू लुळी पडलेली असूनही काही रुग्णांना आपल्याला काही झाले आहे याची जाणीवच नसते. १९७०च्या दशकात सी.टी. स्कॅन उपलब्ध झाल्यावर जिवंत रुग्णाच्या मेंदूतील रक्तस्राव आणि रक्तवाहिनी बंद पडणे यांतील फरक तत्काळ कळू लागला.

ही परंपरा मुख्यतः निदानाची आहे. इजा कोठे झाली आणि कशामुळे झाली, याचे ज्ञान शतकानुशतके वाढत गेले. इजा झालेल्या माणसाने पुढे काय करावे, याविषयीची पद्धतशीर विचारणा मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नव्हती. पक्षाघात झालेल्या वृद्धाला अंथरुणावर ठेवावे, त्याची सेवा करावी आणि जे होईल ते पाहावे, हीच सर्वत्र रीत होती.

व्यवसायोपचाराचा उगम : दीर्घ मुक्कामाचा रुग्ण

व्यवसायोपचाराचा वैचारिक उगम पक्षाघाताच्या रुग्णाजवळ झाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फिलिप पिनेल आणि इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांना साखळदंडांऐवजी सन्मानाने वागवण्याचा आणि नियमित कामात गुंतवण्याचा पुरस्कार केला. ट्यूक यांनी स्थापन केलेले यॉर्क येथील ‘रिट्रीट’ १७९६ साली सुरू झाले. बागकाम, शिवणकाम, सुतारकाम यांनी मनाची घडी पुन्हा बसते, हा अनुभव तेथे आला.

या विचाराला व्यवसायाचे रूप अमेरिकेत मिळाले. १५ मार्च १९१७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ज्यांच्या पुढाकाराने ही बैठक झाली ते जॉर्ज एडवर्ड बार्टन हे पेशाने वास्तुविशारद होते. क्षयरोग, पायावरील शस्त्रक्रिया आणि त्यानंतर शरीराच्या डाव्या बाजूस आलेली विकलता हे सारे त्यांनी स्वतः भोगले होते. बागेत आणि सुतारकामात हात गुंतवून आपण सावरलो, या स्वानुभवातून त्यांनी १९१४ साली क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथेच ‘कॉन्सोलेशन हाऊस’ सुरू केले होते. त्यांच्या समकालीन एलेनॉर क्लार्क स्लॅगल यांनी मनोरुग्णांसाठी ‘सवयींचे प्रशिक्षण’ ही पद्धत विकसित केली. रुग्णाचा संपूर्ण दिवस काम, विश्रांती, खेळ आणि झोप यांत आखून देणे हे तिचे सूत्र होते. मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या समतोलाला तात्त्विक अधिष्ठान दिले. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक, क्षयरोग्यांची आरोग्यधामे आणि पुढे पोलिओची बालके ही या शाखेची पुढची कार्यक्षेत्रे ठरली.

या सर्व रुग्णांत एक गोष्ट समान होती. ते महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे संस्थेत राहत. सवय लावण्यासाठी जो कालावधी लागतो तो त्यांच्याजवळ होता. दिवस आखून देण्याची कल्पना तेथेच रुजू शकते, जेथे रुग्णाचे अनेक दिवस उपचारकाच्या हाती असतात. व्यवसायोपचाराच्या मूळ पद्धतीत वेळ हे गृहीत धरलेले साधन होते, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

मुंबई, १९५० :

भारतात ही शाखा आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकर यांच्याकडे जाते. मूळच्या अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लुंडी या विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३०च्या सुमारास भारतात आल्या आणि येथील जीवनाशी एकरूप झाल्या. पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशिया खंडातील हे अशा प्रकारचे पहिले विद्यालय मानले जाते. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश होता. नवस्वतंत्र देशाच्या दृष्टीने ही लक्षणीय घटना होती. पुढे नागपुरातही या विषयाचे शिक्षण सुरू झाले आणि महाराष्ट्र हे या शाखेचे देशातील आद्य केंद्र ठरले.

त्या काळातील मुंबईत पुनर्वसनाची निकड प्रामुख्याने पोलिओमुळे जाणवत होती. फातेमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले होते. १९५५ साली हाजी अली येथे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. म्हणजेच भारतातही व्यवसायोपचाराची घडण तरुण, दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या आणि मेंदू शाबूत असलेल्या रुग्णांच्या सान्निध्यात झाली. पक्षाघाताचा वयस्क रुग्ण या शाखेच्या कक्षेत प्रामुख्याने नंतर आला. तो आला तेव्हा आपल्याबरोबर वेगळे प्रश्न घेऊन आला.

पहिले आव्हान : हात की हाताळणी?

पोलिओत स्नायू दुर्बळ होतो, परंतु शिकणारा मेंदू सुस्थितीत असतो. पक्षाघातात शिकण्याचे इंद्रियच जखमी झालेले असते. सूचना समजत नाहीत, समजल्या तर बोलता येत नाही, काहींना डाव्या बाजूचे जगच जाणवत नाही. ताटाच्या उजव्या अर्ध्या भागातील भात संपवून ‘वाढलेच नाही’ अशी तक्रार करणारा रुग्ण हट्टी नसतो. त्याच्या मेंदूच्या उजव्या भागातील इजेमुळे डावा अर्धा भाग त्याच्या लक्षातून निसटलेला असतो. हे नातेवाइकांना समजावून सांगणे हेही व्यवसायोपचारतज्ज्ञाचे काम ठरते.

१९५१ साली थॉमस ट्विचेल यांनी पक्षाघातानंतर हालचाली परतण्याचा क्रम तपशीलवार नोंदवला. आधी अवयव सैल, मग ताठरपणा, मग ठराविक साच्यातील एकत्रित हालचाली आणि शेवटी सुट्या, नियंत्रित हालचाली, असा तो क्रम होता. या निरीक्षणांच्या पार्श्वभूमीवर उपचारांच्या विविध पद्धती विकसित झाल्या. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम आणि बर्टा बोबाथ या दोघींचे पक्षाघातावरील ग्रंथ १९७० सालीच प्रसिद्ध झाले. ब्रुनस्ट्रॉम यांनी साच्यातील हालचालींचा सुरुवातीला उपयोग करून घ्यावा असे सुचवले. उलट बोबाथ यांनी त्या हालचाली रोखून स्वाभाविक हालचालींना वाव द्यावा, चांगल्या हाताने जोर लावून काम उरकण्याची घाई करू नये, अशी भूमिका घेतली.

या मतभेदाने व्यवसायोपचारतज्ज्ञापुढे खरा पेच उभा केला. रुग्णाला एका हाताने कपडे घालायला शिकवावे, की लुळ्या हातात बळ येण्याची वाट पाहत राहावे? पहिला मार्ग स्वीकारला तर रुग्ण लवकर स्वावलंबी होतो, परंतु दुसरा हात कायमचा निरुपयोगी राहण्याचा धोका असतो. दुसरा मार्ग स्वीकारला तर आजचे कपडे दुसऱ्याच कोणी तरी घालून द्यावे लागतात. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की, अवयव न वापरल्यामुळे तो ‘न वापरण्याची सवय’ जडते. याच विचारावर आधारलेल्या उपचारपद्धतीची अमेरिकेतील २२२ रुग्णांवरील चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत चांगल्या हातावर मोजा चढवून जागेपणीचा बहुतेक काळ त्याचा वापर रोखण्यात आला आणि दोन आठवडे बाधित हाताकडून सराव करून घेण्यात आला. बाधित हाताच्या कार्यात लक्षणीय सुधारणा दिसली. परंतु हे रुग्ण पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिन्यांच्या टप्प्यावरील होते, त्यांच्या मनगटात व बोटांत काही हालचाल शिल्लक होती आणि सरावाला दिवसाचे अनेक तास दिलेले होते. गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयात यांपैकी कोणती अट पूर्ण होते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

दुसरे आव्हान : आकसलेला वेळ

विसाव्या शतकाच्या अखेरीस पक्षाघाताच्या वैद्यकात दोन मोठे बदल झाले. पहिला औषधाचा होता. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध झटका आल्यापासून तीन तासांत दिल्यास अपंगत्व कमी होते, हे १९९५ साली सिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पक्षाघात हा ‘मिनिटांचा’ रोग झाला. दुसरा बदल अर्थव्यवहाराचा होता. अमेरिकेतील मेडिकेअर योजनेने १९८३पासून रुग्णालयांना रोगनिदानानुसार ठराविक रक्कम देण्यास सुरुवात केली. रुग्ण जितका लवकर घरी जाईल तितके रुग्णालयाच्या सोयीचे झाले. भारतात कारणे निराळी होती. येथे खाटांवरील ताण आणि रुग्णाच्या खिशावर पडणारा भार यांमुळे मुक्काम आखूड राहिला. परिणाम मात्र सारखाच झाला.

एकीकडे मुक्काम आखूड झाला, तर दुसरीकडे त्या मुक्कामाचा मोठा भाग तपासण्यांनी आणि औषधांनी व्यापला. रुग्ण स्थिर होऊन शिकण्याच्या अवस्थेत येतो तेव्हा त्याच्या घरी जाण्याचे कागद तयार होत असतात. यावर उपाय म्हणून ‘शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितका अधिक’ सराव सुरू करावा, असा विचार पुढे आला. पाच देशांतील २१०४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि या विचाराला मर्यादा पडल्या. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार व दीर्घकाळ उठवून बसवण्या-चालवण्याने लाभ होण्याऐवजी परिणाम काहीसे खालावले. तीन महिन्यांनंतर चांगल्या अवस्थेत असलेल्यांचे प्रमाण या गटात ४६ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ५० टक्के होते. जखमी मेंदूला स्वतःची अशी एक गती असते आणि रुग्णालयाच्या सोयीसाठी ती वाढवता येत नाही, असा याचा आशय घेता येईल.

येथे पूर्वी नोंदवलेला मुद्दा पुन्हा लक्षात घ्यावा लागतो. सवयींचे प्रशिक्षण ही ज्या शाखेची मूळ पद्धत, तिला सवय लागण्याइतका काळच उपलब्ध होत नाही. अशा वेळी व्यवसायोपचारतज्ज्ञ जे काम करू शकतो ते प्रामुख्याने प्रतिबंधाचे असते. खांदा निखळू नये म्हणून हाताला आधार देणे, बोटे आखडू नयेत म्हणून पट्टी बसवणे, कुशीवर कसे झोपवावे हे दाखवणे, गिळताना ठसका लागत असल्यास बसण्याची स्थिती सुधारणे ही कामे आवश्यक आहेत. परंतु तेवढ्यावर व्यवसायोपचार पूर्ण होत नाही.

तिसरे आव्हान : परकी मोजपट्टी

रुग्ण किती स्वावलंबी झाला हे मोजण्यासाठी जगभर ‘बार्थेल निर्देशांक’ वापरला जातो. फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी तो १९६५ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात दीर्घकालीन रुग्णांच्या रुग्णालयांसाठी तयार केला. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, चालणे, जिना चढणे अशा दहा बाबींना मिळून १०० गुण दिले जातात. सोपेपणामुळे तो सर्वत्र रूढ झाला. त्यातील जेवणाच्या बाबतीत रुग्णाने स्वतः अन्न कापणे आणि पावाला लोणी लावणे अपेक्षित धरलेले आहे. आंघोळीसाठी टब किंवा फवारा गृहीत आहे. जमिनीवर मांडी घालून बसणे, तेथून उठणे, उकिडवे बसणे, बादलीतून तांब्याने पाणी घेणे, साडी नेसणे किंवा धोतर नेसणे यांना त्यात स्वतंत्र स्थान नाही.

ही उणीव केवळ तपशिलाची नाही. मेरीलँडमधील रुग्ण एका हातात काटा धरून जेवू शकतो. आपल्याकडे भाकरी एका हाताने मोडून कालवणात बुडवून खाणे हे बऱ्याच जणांना जमते, परंतु हा हात उजवा असावा लागतो. उजवी बाजू गेलेल्या रुग्णाला डाव्या हाताने जेवायला शिकवणे हे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात साधे कौशल्य आहे. आपल्या समाजात शौचासाठी वापरला जाणारा हात ताटात घालणे अनेकांना असह्य वाटते, पंगतीत तर अधिकच. अशा वेळी रुग्ण भरवून घेणे पसंत करतो. निर्देशांकावर तो परावलंबी ठरतो, पण या परावलंबनाचे कारण त्याच्या स्नायूत शोधून सापडत नाही. याउलट रुग्णालयाच्या उंच खाटेवरून उठणारा, कमोड वापरणारा आणि कठड्याला धरून जिना चढणारा रुग्ण चांगले गुण मिळवून घरी जातो. घरी भारतीय पद्धतीचे शौचकूप असते, मोरीत उंबरा असतो, अंथरूण जमिनीवर असते. पहिल्याच दिवशी त्याचे स्वावलंबन संपुष्टात येते. चाळीत किंवा वाडीवस्तीवर सामायिक शौचालय असल्यास अडचण आणखी वाढते.

व्यवसायोपचारात रुग्णाच्या घराची पाहणी हा उपचाराचाच भाग मानला जातो. ज्या रुग्णालयात जिल्ह्याजिल्ह्यांतून रुग्ण येतात, तेथे ही पाहणी सहसा नातेवाइकांच्या तोंडी वर्णनावरच भागवावी लागते.

चौथे आव्हान : कुटुंबाची माया आणि मर्यादा

भारतीय रुग्णालयात रुग्णाबरोबर नातेवाईक असतोच. पाश्चात्त्य रुग्णालयाच्या तुलनेत हे बलस्थान मानले जाते आणि ते तसे आहेही. तथापि आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला काहीही करू न देणे, ही आपल्याकडील रूढ समजूत आहे. वडिलांनी थरथरत्या हाताने पाच मिनिटे गुंडीशी झटत राहावे आणि मुलाने शेजारी उभे राहून ते पाहावे, हे अनेक कुटुंबांना निष्ठुरपणाचे वाटते. व्यवसायोपचारतज्ज्ञ मात्र नेमकी हीच पाच मिनिटे मागत असतो. घरातील स्त्री रुग्ण असल्यास प्रश्न आणखी वेगळा होतो. तिची शुश्रूषा कोणी करावी हे ठरत नाही, किंवा तिने स्वयंपाकघरात परतणे हेच सर्वांना उपचाराचे एकमेव उद्दिष्ट वाटू लागते.

मनुष्यबळ अपुरे असेल तर नातेवाइकांनाच प्रशिक्षण देऊन पुनर्वसन त्यांच्यावर सोपवता येईल का, हा प्रश्न भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांच्या चाचणीत तपासला गेला. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयात सुरू करून घरी चालू ठेवलेल्या कौटुंबिक प्रशिक्षणामुळे सहा महिन्यांनंतरच्या स्थितीत फरक पडला नाही. मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. हा निष्कर्ष कुटुंबाचे महत्त्व नाकारत नाही. तज्ज्ञाची जागा कुटुंबाकडून भरून काढता येईल, हा सोयीचा समज मात्र त्यामुळे टिकत नाही.

याच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे रुग्णालयात दाखल न झालेल्या १८५ पक्षाघातग्रस्तांपैकी एका गटाला व्यवसायोपचारतज्ज्ञांनी घरी जाऊन उपचार दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत त्या गटाचे दैनंदिन व्यवहार अधिक सुधारल्याचे आढळले. २००७ साली नऊ चाचण्यांतील १२५८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली असता, दैनंदिन कृतींवर केंद्रित असलेल्या व्यवसायोपचाराने रुग्णांचे स्वावलंबन वाढते, हेच दिसून आले. दोन्ही पुरावे परिस्थितीने भिन्न आहेत आणि त्यांची थेट तुलना करणे योग्य नाही. तरीही प्रशिक्षित व्यक्ती, प्रत्यक्ष घर आणि पुरेसा काळ या तीन गोष्टी एकत्र आल्या तेथे या शाखेचे सामर्थ्य दिसले, एवढे निरीक्षण नोंदवता येते.

मान्यतेचा प्रश्न :

शाखेला मिळालेल्या कायदेशीर मान्यतेचा इतिहासही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा १९९२ साली झाला. व्यवसायोपचार त्याच्या कक्षेबाहेर राहिला. महाराष्ट्राने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्यासाठी २००२चा स्वतंत्र अधिनियम केला. देशपातळीवर संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा २०२१ साली संमत झाला आणि त्यात व्यवसायोपचाराचा समावेश झाला. म्हणजे १९५० साली सुरू झालेल्या शिक्षणाला राष्ट्रीय नियमनाची चौकट मिळण्यास सात दशके लागली. दरम्यान २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या प्रतिबंध व नियंत्रणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. नावाप्रमाणेच त्याचा मुख्य भर प्रतिबंधावर होता.

मान्यतेच्या या विलंबाचा वॉर्डातील कामकाजाशी थेट संबंध आहे. रुग्णाला व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही, हे बहुधा उपचार करणारे डॉक्टर ठरवतात. व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांतील भेद स्पष्ट नसल्यास ‘व्यायाम सुरू आहे ना, मग पुरे’ असा निर्णय होतो. रुग्ण चालू लागला की पुनर्वसन संपले, असे मानले जाते. मेंदूच्या ज्या मोठ्या रक्तवाहिनीत पक्षाघात अधिक प्रमाणात होतो, तिच्या क्षेत्रात हाताचे नियंत्रण करणारा भाग येतो. म्हणून पाय सुधारूनही हात मागे राहतो, हे वारंवार घडते. चालणे सर्वांना दिसते. हाताचे अपयश मात्र घराच्या चार भिंतींत, ताटावर आणि मोरीत प्रकट होते. परिणामी जे अपंगत्व सर्वाधिक काळ टिकते, तेच रुग्णालयाच्या नजरेतून सर्वाधिक निसटते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतील. व्यवसायोपचार ही शाखा दीर्घ मुक्कामाच्या रुग्णांमध्ये जन्मली आणि भारतातही ती प्रामुख्याने पोलिओच्या काळात रुजली. पक्षाघाताच्या रुग्णाची गरज दीर्घकालीन असली तरी रुग्णालयातील त्याचा मुक्काम अल्पकालीन झाला आहे. त्यामुळे वेळेचा अभाव ही या क्षेत्रातील तात्पुरती गैरसोय नसून व्यवस्थेच्या रचनेतील विसंगती आहे. तिच्यावरील उत्तर रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, म्हणजे जिल्हा रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि गृहभेटी यांत शोधावे लागेल.

मोजमापाची साधने निरपेक्ष नसतात. ती ज्या समाजात घडतात तेथील घर, ताट आणि पोशाख त्यांत उतरलेले असतात. जमिनीवर बसणे-उठणे, उकिडवे बसणे आणि हाताने जेवणे यांना स्थान देणारी, मराठी रुग्णाच्या जीवनाशी सुसंगत अशी मोजपट्टी रूढ करणे हे संशोधनाचे निकडीचे कार्य आहे. हे कार्य एकट्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नाही. घररचना, आहार, स्पर्श-अस्पर्शाच्या कल्पना, स्त्री-पुरुषांतील श्रमविभागणी यांचा अभ्यास समाजशास्त्र, गृहविज्ञान, मानसशास्त्र आणि भाषा या विभागांत होतच असतो. तो ज्ञानव्यवहार रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची गरज आहे. या कामी महाविद्यालयीन प्राध्यापकांना निश्चित भूमिका बजावता येईल.

कुटुंब हे या प्रक्रियेत सहाध्यायी आहे, तज्ज्ञाचा पर्याय नव्हे. शासनाने खर्चबचतीसाठी पुनर्वसनाचा सर्व भार घरावर सोपवणे उपलब्ध पुराव्याशी विसंगत ठरेल. तसेच ‘व्यवसाय’ या संज्ञेचा मूळ व्यापक अर्थ समाजापुढे पुनःपुन्हा मांडला पाहिजे. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली परळच्या रुग्णालयात जे विद्यालय सुरू केले, त्यामागील विचार माणसाला त्याचा दिवस परत मिळवून देण्याचा होता. पक्षाघातातून वाचलेल्या दर दहांतील सात जणांना आपला दिवस कितपत परत मिळतो, यावरच या शाखेचे आणि ती सांभाळणाऱ्या आरोग्यव्यवस्थेचे मूल्यमापन व्हावे.